बॅग पडद्यावर कशी दिसते? इंदूरच्या विमानतळावरून निघण्यापूर्वी

इंदूरहून पुण्याला जाणारं विमान हवेत असतं जेमतेम तास-सव्वा तास. विमानतळाच्या दारातून आत शिरल्यापासून सीटवर बसेपर्यंत मात्र त्याहून जास्त वेळ जातो, आणि त्यातला सगळ्यांना नकोसा वाटणारा टप्पा म्हणजे सुरक्षा तपासणी. तिथे जे काही अडतं ते बहुतेक वेळा आदल्या रात्री बॅग भरतानाच ठरलेलं असतं. तिखटाची पुडी कुठल्या बॅगेत गेली, पॉवर बँक कुठे ठेवली, देव कशात गुंडाळले, यावर. म्हणून सुरुवात रांगेपासून न करता एक्स-रे यंत्राच्या पडद्यापासून करू. पडद्यासमोर बसलेल्या जवानाला काय दिसतं हे एकदा कळलं, की निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत.

पडद्यावर काय दिसतं

हे यंत्र कमी आणि जास्त अशा दोन शक्तींच्या क्ष-किरणांनी बॅग बघतं. वस्तू किती घट्ट आहे आणि कशाची आहे, यावरून तिला रंग देतं. अन्न, कपडे, कागद, साबण, प्लास्टिक असं कार्बन-हायड्रोजन-ऑक्सिजनवालं सगळं नारिंगी दिसतं. लोखंड, तांबं, पितळ निळं. काच, मीठ, ॲल्युमिनियम असं मधलं काही हिरवट. किरण ज्यातून पारच जात नाहीत ते काळं.

अडचण अशी की बहुतेक स्फोटकंसुद्धा नारिंगीच दिसतात. त्यामुळे घट्ट, एकजिनसी नारिंगी ठोकळा दिसला की जवान बॅगा नेणारा सरकता पट्टा थांबवतो. दाबून भरलेला पेढ्यांचा डबा, माव्याची बर्फी, चॉकलेटच्या वड्या, साबणांचं खोकं, आठ-दहा दिवाळी अंकांचा गठ्ठा, हे सगळं पडद्यावर तसंच दिसतं. त्या डब्यावर चार्जरची वायर वेटोळं करून ठेवलेली असेल आणि शेजारी पॉवर बँक, तर बॅग उघडायला सांगणारच. पेढे नेता येतात. ते वायरींपासून लांब, बॅगेत वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे उघडायची वेळ आली तरी अर्ध्या मिनिटात दाखवता येतील.

काळ्या रंगाचं दुखणं वेगळं. चांदीचे देव, भरीव पितळी समई, ताम्हण-पळी-पंचपात्री एकत्र बांधलेलं गाठोडं, यांच्या आत किंवा मागे काय आहे ते यंत्राला दिसत नाही. दिसत नाही म्हणजे हाताने बघायचं. नव्या घराच्या वास्तुशांतीसाठी देव घेऊन निघाला असाल तर प्रत्येक मूर्ती मऊ कापडात वेगळी गुंडाळा आणि सगळ्या एका पिशवीत ठेवा. दहा वेळा चिकटपट्टी गुंडाळलेलं बोचकं तिथे सोडवत बसणं हा खरा त्रास असतो. समई मोठी आणि जड असेल तर ती चेक-इन सामानातच, म्हणजे काउंटरवर देऊन टाकायच्या बॅगेतच बरी.

लॅपटॉप बाहेर काढायला सांगतात तेही याच कारणाने. त्यातली बॅटरी आणि सर्किट यांचा दाट पट्टा खालच्या वस्तूंवर पडदा टाकतो. काही मोठ्या विमानतळांवर बॅग सगळ्या बाजूंनी, थरांत बघणारी नवी यंत्रं येत आहेत आणि तिथे लॅपटॉप आत ठेवला तरी चालतो. तसं स्पष्ट सांगितलं नसेल तर काढायचाच.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. जवान सावध आहे की नाही हे तपासण्यासाठी अनेक यंत्रं मधूनच खऱ्या बॅगेच्या चित्रात खोट्या पिस्तुलाचं किंवा सुरीचं चित्र मिसळतात. पट्टा एखाद्या निरुपद्रवी बॅगेपाशी क्षणभर का थांबला, याचं उत्तर कधीकधी एवढंच असतं.

कुणाचा नियम, कुणाशी बोलायचं

रांगेत वाद होतात ते बऱ्याचदा चुकीच्या माणसाशी. काय नेता येतं आणि काय नाही हे बीसीएएस ठरवतं, म्हणजे केंद्राचा नागरी विमान सुरक्षा ब्युरो. प्रत्यक्ष तपासणी सीआयएसएफ, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल करतं. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणारं विमान पळवून कंदाहारला नेलं गेलं, त्यानंतर २००० मध्ये जयपूरपासून विमानतळ या दलाकडे सोपवायला सुरुवात झाली. इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरही तेच जवान आहेत. सामानाचं वजन, जादा पैसे, व्हीलचेअर हा मामला एअरलाइनचा. सात किलोच्या जागी नऊ किलो झालं म्हणून जवानाशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही आणि लोणचं अडवलं म्हणून एअरलाइनच्या काउंटरवर आवाज चढवण्यातही नाही. ट्रेसमोर उभ्या असलेल्या जवानाचा निर्णय त्या क्षणी शेवटचा असतो, तुमच्या मावसभावाला गेल्या महिन्यात सोडलं असलं तरी.

हातातली बॅग

देशांतर्गत प्रवासात इकॉनॉमीच्या प्रवाशाला केबिनमध्ये एक बॅग, साधारण ७ किलोपर्यंत. माप ५५ × ४० × २० सेंटिमीटर, तिन्ही मिळून ११५. त्याशिवाय एक पर्स किंवा लॅपटॉपची छोटी बॅग चालते. नेमकं वजन तिकिटावर बघा, कारण एअरलाइन आणि तिकिटाचा प्रकार बदलला की ते बदलतं. ट्रॉली, लॅपटॉप बॅग, पर्स आणि छप्पन दुकानवरून घेतलेली नमकीनची पिशवी असे चार नग हातात असतील, तर दोन नग करायला सांगतील. ते घरीच केलेलं बरं. ट्रॉलीत थोडी जागा मोकळी ठेवली की पर्स आत सरकवता येते.

केबिनमध्ये न चालणाऱ्या वस्तू आपल्या घरांत कुठल्या, ते बघू. सुरी, मोठी कात्री, अडकित्ता, विळी, नारळाची खवणी, स्क्रू-ड्रायव्हर आणि पाना, क्रिकेटची बॅट. या सगळ्या चेक-इनमध्ये जातात, धारेला पुठ्ठा बांधून. लग्नाला निघालेल्यांनी नवरदेवाची कट्यार विसरू नये, तीही खालच्याच सामानात. मुलाचं खेळण्यातलं पिस्तूल हातातल्या बॅगेत चालत नाही. पडद्यावर ते खऱ्यासारखंच दिसतं आणि विमानात कुणी काढलं तर इतरांनाही खरंच वाटणार.

कुठेच न चालणाऱ्या वस्तू वेगळ्या. काडेपेटी, लायटर, फटाके (फुलबाज्यासुद्धा), पेट्रोल-थिनर, स्वयंपाकाच्या गॅसची छोटी टाकी. ई-सिगारेटवर तर २०१९ पासून देशातच बंदी आहे. आणि दोन वस्तू ज्या पूजेच्या सामानातून हमखास निघतात: कापूर आणि सुकं खोबरं. कापूर सहज पेट घेणारा घन पदार्थ म्हणून धोकादायक मालाच्या यादीत आहे. खोबऱ्याचं कारण लोकांना पटत नाही, पण ते खरं आहे. खोबऱ्यात तेल भरपूर असतं, साठ्यात ते आपोआप तापू शकतं, आणि मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ते ‘आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या’ गटात मोडतं. म्हणून खोबऱ्याच्या वाट्यांची पिशवी दोन्हीकडे अडते. चिवड्यातल्या चार कापांना कुणी हरकत घेत नाही. ओटीचा अख्खा नारळही हातातल्या बॅगेत नेऊ नका. २०२४ च्या अखेरीस शबरीमलाच्या यात्रेकरूंसाठी इरुमुडीतल्या, म्हणजे ते डोक्यावर नेतात त्या पूजेच्या गाठोड्यातल्या नारळाला केबिनमध्ये मुद्दाम, ठरावीक मुदतीची सूट द्यावी लागली होती. नियम किती पक्का आहे ते यावरूनच कळतं. पुण्यात नारळ मिळतो.

फराळ, मसाले, तूप

इंदूरच्या मराठी घरातून पुण्या-मुंबईला निघालेल्या बॅगेत शेव असतेच. शेव, चिवडा, चकल्या, शंकरपाळे, कोरडे लाडू, अनारसे हे हातातल्या बॅगेतून बिनधास्त न्या. कोरडं, पारदर्शक डब्यात, वर ठेवलेलं.

मसाल्यांचं तसं नाही. लाल तिखट आणि मिरीपूड केबिनमध्ये मना आहे, कारण उघड आहे: मूठभर तिखट डोळ्यांत फेकलं की ते हत्यारच. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, तिखट असलेली मेतकुटाची पुडी हे सगळं चेक-इनमध्येच टाका. ‘हे तिखट नाही, गोडा मसाला आहे’ हा खुलासा रांगेत फार वेळ खातो.

लोणचं आणि तूपही खालच्या सामानात. लोणच्याला तेल आहे, तूप पातळ होतं, श्रीखंड आणि आंबरस हे तपासणीच्या दृष्टीने जेल. बरणी गळू नये म्हणून झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावून झाकण घट्ट आवळा, बरणी दोन जाड पिशव्यांत वेगवेगळी बांधा आणि कपड्यांच्या मधोमध उभी ठेवा. काचेपेक्षा जाड प्लास्टिकची बरणी चांगली. काठोकाठ भरू नका. बोट-दीड बोट जागा सोडा, कारण वर गेल्यावर हवेचा दाब कमी होतो आणि आतली हवा फुगून तेलाला वाट शोधते.

देशांतर्गत विमानात पाण्याची बाटली सहसा सोडतात, कधी घोट घेऊन दाखवायला सांगतात. परदेशी उड्डाणाला मात्र नियम काटेकोर आहे. प्रत्येक द्रव, जेल, क्रीम, स्प्रे १०० मिलिलिटरपर्यंतच्या बाटलीत, आणि सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या, बंद होणाऱ्या पारदर्शक पिशवीत. मोजमाप बाटलीचं असतं, आतल्या मालाचं नाही. २०० मिलीच्या ट्यूबमध्ये चमचाभर क्रीम उरलं असलं तरी ट्यूब जाते कचऱ्यात.

इंदूरवाल्यांची नेमकी इथे फसगत होते. अमेरिकेला किंवा युरोपला जाणारे बहुतेकजण इंदूर-मुंबई किंवा इंदूर-दिल्ली असा पहिला टप्पा देशांतर्गत विमानाने करतात. इंदूरला मोठी शाम्पूची बाटली निघून जाते आणि माणूस निश्चिंत होतो. मुंबईत आंतरराष्ट्रीय बाजूला पुन्हा तपासणी होते आणि तिथे ती अडते. तोवर मोठी बॅग थेट पुढच्या विमानासाठी गेलेली असते, म्हणजे बाटली तिच्यात टाकायची सोयही राहत नाही. बॅग भरताना सगळ्यात कडक विमानतळाचा नियम धरून भरायची. अमेरिकेला जाणाऱ्यांनी पावडरीकडेही लक्ष द्यावं: हातातल्या बॅगेत ३५० मिलीपेक्षा जास्त पावडर, मग ती भाजणी असो की सत्तूचं पीठ, वेगळी तपासली जाते आणि परतही पाठवली जाऊ शकते.

शारजाच्या विमानाने जाणाऱ्यांसाठी एक वेगळीच सूचना, जिचा आपल्या सुरक्षा तपासणीशी संबंध नाही पण जी चुकली तर फार महागात पडते. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बाळगणं हा अमली पदार्थाचा गुन्हा ठरतो. खसखस लावलेले अनारसे, खसखस घातलेले डिंकाचे लाडू, मसाल्यातली खसखस, काहीही नको. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली खोकल्याची वा दुखण्याची औषधंही तिथे नियंत्रित आहेत.

पॉवर बँकेचं गणित

चेक-इन सामानातून नाव पुकारलं जाण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे पॉवर बँक. ती, आणि सुट्या सगळ्या लिथियम बॅटऱ्या, फक्त हातातल्या बॅगेत. लिथियमच्या सेलमध्ये आत शॉर्ट झाला की तो तापतो, शेजारचा सेल तापवतो आणि ही साखळी थांबत नाही. केबिनमध्ये धूर दिसला तर कर्मचारी पाणी ओतून ती थंड करू शकतात. सामानाच्या कप्प्यात कुणी पोचूच शकत नाही, आणि तिथला आग विझवणारा वायू ज्वाळा दाबतो, सेलमधली उष्णता मात्र थांबवत नाही.

मर्यादा वॉट-अवरमध्ये, म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेत मोजतात आणि आपल्या पॉवर बँकेवर मोठ्या अक्षरांत असतं एमएएच (मिलिॲम्पिअर-अवर). हिशेब सोपा आहे. एमएएचला व्होल्टेजने गुणा, हजाराने भागा. आतल्या सेलचं व्होल्टेज बहुधा ३.७ असतं. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॉट-अवर, २०,००० म्हणजे ७४, २७,००० म्हणजे ९९.९. शंभरपर्यंत परवानगी लागत नाही. बाजारात २७,००० पर्यंतच्या पॉवर बँका दिसतात त्या उगाच नाही. ३०,००० ची पॉवर बँक १११ वॉट-अवर होते, तिला एअरलाइनची आगाऊ मंजुरी हवी. १६० च्या वर काहीच नाही. अंगावरचा छापील आकडा पुसला गेलेली, नाव-गाव नसलेली, फुगलेली पॉवर बँक अडवतात, आणि फुगलेली तर घरूनच नेऊ नये. विमानात ती वरच्या कप्प्यात टाकू नका, हाताशी असू द्या आणि तिने मोबाइल चार्ज करू नका. कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावली की किल्ल्या-नाण्यांना लागून शॉर्ट होत नाही.

चेक-इन बॅगेत पॉवर बँक सापडली तर तुमच्या नावाची घोषणा होते, बॅग तुमच्यासमोर उघडतात, वस्तू काढून पुढे पाठवतात. त्यात पंधरा-वीस मिनिटं गेली आणि घोषणा ऐकूच आली नाही तर तुम्ही पुण्याला पोचता, बॅग इंदूरला राहते.

दारापासून ट्रेपर्यंत

सकाळी ७ चं विमान असेल तर काउंटर ६ ला बंद होतो आणि बोर्डिंग गेट साधारण ६ वाजून ३५ मिनिटांनी. म्हणजे ५ ला विमानतळावर असायला हवं. फक्त हातातली बॅग आणि वेब चेक-इन असेल तर थोडं उशिरा चालतं, पण एकापाठोपाठ दोन-तीन विमानं असली की रांग अचानक वाढते. राजवाड्यापासून विमानतळ आठ-नऊ किलोमीटर, एरवी अर्धा तास पुरतो. रंगपंचमीच्या सकाळी गेर (रंगांची मिरवणूक) निघते आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या (चित्ररथ), तेव्हा राजवाडा-मल्हारगंजकडून विमानतळाच्या वाटेवरचा बडा गणपती गाठायचा विचार सोडून द्या.

दारावर तिकीट आणि फोटो असलेलं ओळखपत्र बघतात. आधार, मतदार कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स, पासपोर्ट, पॅन यातलं काहीही. मोबाइलमध्ये दाखवायचं तर एमआधार किंवा डिजिलॉकरमधलं. गॅलरीतला कार्डाचा फोटो नाही. आईवडिलांसोबतच्या लहान मुलांना वेगळं ओळखपत्र लागत नाही, पण दोन वर्षांखालच्या बाळाचं वय दाखवायला जन्माचा दाखला एअरलाइन मागते.

नावाचा घोळ आपल्याकडे जास्त होतो. आधारवर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, आणि तिकीट काढणाऱ्या भाच्याने टाकलेलं ‘सुमन काकू’. किंवा आधारवर माहेरचं आडनाव, तिकिटावर सासरचं. मधलं नाव गाळलं तर सहसा निभतं. आडनाव वेगळं असेल तर एअरलाइनला आधीच फोन करून दुरुस्त करून घ्या. दारावरचा जवान तिकीट दुरुस्त करू शकत नाही.

सप्टेंबर २०२४ पासून इंदूरला डिजियात्रा आहे. ॲपवर आधारने नोंदणी करून सेल्फी द्यायचा, बोर्डिंग पास त्यात टाकायचा, मग चेहरा दाखवून फाटक उघडतं. ती ऐच्छिक आहे. तिच्यामुळे दारावरची आणि तपासणीच्या तोंडावरची कागद बघण्याची रांग वाचते. अंगाची आणि बॅगेची तपासणी सगळ्यांसारखीच होते. ‘डिजियात्रा आहे’ म्हणून उशिरा निघणारे इथे चुकतात. घरातल्या प्रत्येकाचा बोर्डिंग पास आपापल्या फोनवर लागतो, म्हणून आजी-आजोबांसोबत असाल तर सरळ नेहमीच्या रांगेत जाणंच सोपं.

ट्रेपाशी पोचण्याआधीच, रांगेत उभं असताना, खिसे रिकामे करायला घ्या. पाकीट, किल्ल्या, सुटे पैसे, मोबाइल, घड्याळ, कमरेचा पट्टा हे जाकिटाच्या किंवा बॅगेच्या एका कप्प्यात घाला. मोबाइल आणि घड्याळ ट्रेमध्ये उघडे टाकले की विसरायची भीती असते, आणि विसरलेल्या वस्तूंत हीच दोन जास्त असतात. ट्रेमध्ये सुटं काय ठेवायचं तर लॅपटॉप, टॅब्लेट, पॉवर बँक, चार्जर, कॅमेरा. लॅपटॉपवर दुसरं काही रचू नका. बोर्डिंग पास मात्र हातात हवा, तो बॅगेसोबत यंत्रात गेला की पलीकडे अडकायला होतं. जाड तळव्याचे बूट असतील तर काढायला सांगू शकतात.

ट्रे आत सरकल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी, आणि बायकांची तपासणी पडद्याआड महिला जवान करते. आपल्याकडे धातुशोधक चौकट वाजो न वाजो, प्रत्येकाची हाताने तपासणी होते. त्यामुळे मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, साडीच्या पिना काढून ठेवायची गरज नाही. दागिने भरपूर असतील तर ते चेक-इनमध्ये टाकूच नका. हातातल्या बॅगेत ठेवा आणि उघडायची वेळ आली तर बाजूला नेऊन बघायची विनंती करा. ती मान्य करतात.

बॅग सरळ तुमच्याकडे न येता पलीकडच्या मार्गावर वळली तर तिथे जाऊन ‘ही माझी’ म्हणून उभं राहा, हात मात्र लावू नका. कधी एक कापडी पट्टी बॅगेवर किंवा हातांवर फिरवून यंत्रात घालतात. ती स्फोटकांचे सूक्ष्म कण हुंगणारी चाचणी. आदल्या दिवशी फटाके उडवले असतील, शेतात खत टाकलं असेल, हृदयाच्या दुखण्याची नायट्रोग्लिसरिनची गोळी हाताळली असेल तर यंत्र कधीकधी वाजतं. शांतपणे कारण सांगा, पुन्हा तपासतील. तिथे बाँब हा शब्द गमतीतही काढू नका. गंमत केली म्हणून सोडून द्यायचा अधिकार त्या जवानाला नाही, आणि पोलिसांकडे जबाब देईस्तोवर विमान निघून जातं.

ज्यांनी आधीच सांगायला हवं

पेसमेकर असलेल्यांनी जवानाला कार्ड दाखवावं आणि हातातलं धातुशोधक यंत्र छातीवर न धरता हाताने तपासायला सांगावं. गुडघा बदललेला असेल तर यंत्र वाजणारच, डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असली की खुलासा लवकर होतो. इन्सुलिन, सुया, रोजची औषधं डॉक्टरांच्या कागदासह हातातल्या बॅगेत, औषधांच्या मूळ वेष्टनात. गोळ्या डबीत काढून ठेवल्या असतील तर निदान एक पट्टी सोबत असू द्या. व्हीलचेअर हवी असेल तर तिकीट काढतानाच किंवा ४८ तास आधी एअरलाइनला कळवा. बाळाचं दूध आणि पेज प्रवासापुरती चालते. बाबागाडी मात्र बाळाला कडेवर घेऊन, घडी करून यंत्रातून काढावी लागते.

अस्थी घेऊन नाशिकला किंवा प्रयागला जाणाऱ्यांना या सगळ्याची माहिती आधी असली तर बरं, त्या वेळी डोकं ठिकाणावर नसतं. कलश जाड तांब्या-पितळेचा असेल तर क्ष-किरण पार जात नाहीत आणि आत काय आहे ते दाखवा म्हणण्याची वेळ येते. मातीच्या, लाकडी किंवा प्लास्टिकच्या भांड्यात अस्थी ठेवा, वर कापड बांधा. मृत्यूचा दाखला आणि अंत्यसंस्काराची पावती सोबत ठेवा आणि एअरलाइनला फोन करून तिची पद्धत विचारून घ्या.

गेटपाशी

एखादी वस्तू अडवली आणि वेळ असेल, तर जवानाला विचारून काउंटरवर परत जाऊन ती चेक-इनमध्ये टाकता येते. म्हणूनच अर्धा तास हाताशी ठेवायचा. आजोबांच्या हातचा अडकित्ता चाळीस मिनिटं शिल्लक असताना वाचतो, दहा मिनिटं असताना नाही. टाकून दिलेली वस्तू नंतर परत मिळत नाही.

२६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आसपास बंदोबस्त वाढतो, तेव्हा विमानाच्या शिडीपाशी आणखी एकदा बॅग आणि अंग तपासतात. त्या आठवड्यांत नेहमीपेक्षा अर्धा-पाऊण तास आधी निघा, आणि बोर्डिंगची घोषणा झाल्यावर चहा घ्यायला उठू नका.